ईस्ट लेकचा तो फॉरवर्ड उलटा आहे

"अमेरिकेत झोपडपट्टी पाडून तळ्याकाठी गोल्फ कोर्स बांधला आणि एरिया सुधारला" असा मेसेज फोटोसकट फिरतोय, तो फोटो अटलांटाच्या ईस्ट लेकचा आहे पण स्टोरी नेमकी उलटी आहे.

गोल्फ तिथे आधीपासून आहे, १९०८ पासून. गोल्फमधला दिग्गज खेळाडू बॉबी जोन्स लहानपणी तिथेच खेळायला शिकला. क्लबचे दोन कोर्स होते, १९६० च्या दशकात दुसरा विकला आणि त्या जागेवर १९७० च्या सुमारास सरकारी घरं उभी राहिली, ईस्ट लेक मेडोज, ६५० घरं. म्हणजे आधी गोल्फ जाऊन वस्ती आली! आणि झोपडपट्टी कसली, सरकारनेच बांधलेली पक्की घरं होती. पुढे ड्रग्ज, गोळीबार इतका वाढला की लोक त्याला लिटल व्हिएतनाम म्हणायचे.

टॉम कझिन्स नावाच्या बिल्डरने १९९३ मध्ये डबघाईला आलेला क्लब घेतला, कोर्स नीट केला, पण खरं काम कुंपणाबाहेर झालं. जुनी घरं पाडून ५४२ नवीन बांधली, त्यातली साधारण अर्धी कमी उत्पन्नवाल्यांसाठी, २००० मध्ये ड्र्यू चार्टर स्कूल (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणारी शाळा) सुरू झालं, आणि क्लबचा पैसा या भागासाठी काम करणाऱ्या ईस्ट लेक फाउंडेशनकडे वळवला. मेसेजमध्ये शाळेचा उल्लेखच नाही, कमाल आहे.

आणि हो, "सगळ्यांना घरं परत मिळाली" हेही खोटं. बरीच जुनी कुटुंबं परत आलीच नाहीत. आपल्याकडच्या पुनर्वसनाला हे उदाहरण चिकटवणाऱ्यांनी तेवढं तरी लिहावं.