बुद्ध्यांक डोक्यात नसतो

पुण्यात पालक आयक्यूबद्दल, म्हणजे बुद्ध्यांकाबद्दल, असं बोलतात की जणू रक्तगटासारखा तो पोराच्या आत जन्मापासून आहेच, आपण फक्त टेस्ट करून बघायचा. मला याचा मनापासून राग येतो.

बहिणीच्या शेजारी, कोथरूडला, चौथीतली एक मुलगी आहे. भागाकार अडला तर मला म्हणते, "मावशी, माझा आयक्यू ९२ आहे ना, म्हणून मला येत नाही." वही बघितली तर वरचा अंक खाली उतरवायचा राहिला होता, बाकी सगळं बरोबर. तेवढं दाखवलं आणि पुढची तीन गणितं तिची तिनं केली. पण ते ९२ तिच्या तोंडात बसलंय, ते कोणी बसवलं, घरच्यांनीच ना?

अहो, हा आकडा म्हणजे त्या दिवशी त्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांची बेरीज, तिच्या वयाच्या मुलांशी ताडून बघितलेली. उत्तरं आली नाहीत म्हणून आकडा कमी आला, आणि आता आकडा कमी म्हणून उत्तरं येत नाहीत म्हणायचं, म्हणजे गोल गोल फिरणंच झालं की! आणि १०० ही सरासरी माणसांनी ठरवलेली आहे, टेस्ट तशीच बसवतात, त्यामुळे साधारण निम्मी मुलं १०० च्या खाली येणारच, मग ती सगळी 'कमी' कशी?

पॅरिसमध्ये १९०५ साली मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी थिओडोर सिमोन यांनी अशी पहिली चाचणी तयार केली ती शाळेत मागं पडणाऱ्या, जास्तीची मदत लागणाऱ्या मुलांना ओळखायला. बुद्धी ठराविकच असते, वाढत नाही, या समजाला बिनेचा स्वतःचा विरोध होता, अशा मुलांसाठी त्यानं लक्ष, स्मरण यांचे व्यायाम सुचवले होते. म्हणजे मदतीसाठी काढलेली गोष्ट आपण मदत न करण्याचं कारण म्हणून वापरतोय, आणि तेही आठ-नऊ वर्षांच्या पोरांवर.

टेस्ट करू नका असं मी म्हणत नाही, अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकताना येणारी खास अडचण) वगैरे कळायला तिचा खरंच उपयोग होतो. पण रिपोर्ट आला की पहिल्या पानावर थांबू नका, शब्दसंपत्ती, स्मरण, वेग असे वेगवेगळे भाग आत असतात ते समुपदेशकांकडून नीट समजून घ्या, कुठे अडतंय आणि घरी काय करायचं ते विचारा. आणि प्लीज, तो आकडा पोरांसमोर बोलू नका, पाहुण्यांसमोर तर अजिबातच नको, जास्त आला असेल तरीही.