ड्रॉप्स आणि सिरप एकच नसतं

आज संध्याकाळी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मेडिकलवर जे पाहिलं, त्यानं डोकं अजून तापलेलं आहे. यंत्रमागावरून सुटून थेट आलेला एक बाप, हातात महिन्याभरापूर्वीची डॉक्टरांची चिठ्ठी. मुलगी दहा महिन्यांची, वजन ८ किलो, दोन्ही चिठ्ठीवर लिहिलेलं. औषध पॅरासिटामॉल सिरप, ताप आल्यास ५ मिली. काउंटरवरच्या पोरानं सिरप संपलंय म्हणत १५ मिलीची ड्रॉप्सची बाटली पुढं सरकवली. "तेच औषध आहे ओ अण्णा, बाटली लहान आहे एवढंच." बापानं विचारलं, किती द्यायचं? "चिठ्ठीवर लिवलंय की. एक चमचा."

आता हिशोब बघा. चिठ्ठीवरच्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिलीग्रॅम पॅरासिटामॉल असतं. ८ किलोच्या बाळाला किलोमागं १५ मिलीग्रॅम धरले तर बरोबर १२० होतात. डॉक्टरांनी अचूक लिहिलं होतं. ड्रॉप्समध्ये मात्र १ मिलीतच १०० मिलीग्रॅम असतं. म्हणजे तिला लागले असते १.२ मिली, आणि हा पोरगा सांगत होता ५ मिली. एका वेळी ५०० मिलीग्रॅम, चौपटीहून जास्त. दिवसातून चारदा दिलं की २००० मिलीग्रॅम, किलोमागं २५०. असं दोन दिवस चाललं तर त्या बाळाचं लिव्हर हातचं जाऊ शकतं. आणि घरात सगळे म्हणणार, आम्ही तर चिठ्ठीप्रमाणंच दिलं.

मागच्या गिऱ्हाइकांनी आवाज चढवला म्हणून बाटली बदलली गेली. नसता चढवला तर?

त्या बापाला मी एका शब्दानंही दोष देणार नाही. त्यानं चिठ्ठी जपून ठेवली होती, किती द्यायचं हेही विचारलं होतं. याहून जास्त आईबापांनी काय करायचं? चूक काउंटरच्या आतल्या बाजूला होती. दुकानात लायसन्स फ्रेम करून लावायचं, रजिस्टर्ड फार्मासिस्टचं नाव भिंतीवर मिरवायचं आणि औषध द्यायला मात्र दोन महिन्यांपूर्वी कामाला लागलेला पोरगा उभा करायचा. याची चीड येत नसेल तर कशाची येणार?

म्हणून बाटली हातात आली की नाव सोडा, त्याखालची बारीक अक्षरं वाचा. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं पॅरासिटामॉल तीन ताकदींत मिळतं. ड्रॉप्स, १ मिलीत १०० मिलीग्रॅम. साधं सिरप, ५ मिलीत १२० किंवा १२५. आणि डीएस किंवा २५० लिहिलेलं, ५ मिलीत २५०. नावापुढं प्लस असेल तर बहुतेक वेळा आत दुसरं औषधही मिसळलेलं असतं. मुलाचं वजन गुणिले १५, एवढे मिलीग्रॅम एका वेळी, त्याहून जास्त नाही. १० किलोचं मूल असेल तर १५० मिलीग्रॅम, म्हणजे ड्रॉप्स दीड मिली, १२५चं सिरप ६ मिली, २५०चं ३ मिली. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा, अगदीच अडलं तर चार, आणि चोवीस तासांत चार वेळांच्या वर नाही. वय बघून डोस देऊ नका. दोन वर्षांची दोन मुलं, एक ९ किलोचं आणि एक १४ किलोचं, हे आपल्याकडं रोज दिसतं. अंगणवाडीच्या कार्डावर वजन असतं, तेवढं मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

मोजायचं ते बाटलीसोबतच्या मापानं, किंवा सुई काढलेल्या सिरिंजनं. घरातला चमचा नको. कुठल्या चमच्यात ३ मिली मावतं, कुठल्यात ७. सिरिंजचं टोपण आधी फेकून द्या, ते बाळाच्या घशात अडकतं. बाटली हलवा, नाहीतर औषध तळाशी बसतं आणि शेवटचे डोस जाड होत जातात. बाळाला थोडं उठवून धरा, औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. नाक दाबून घशात ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं.

आणि ताप ९९ दिसला की बाटली उघडायची नसते. मूल खेळतंय, पितंय, तर औषधाची घाई कशाला? उलट तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तर घरी औषध देत बसू नका, लगेच दाखवा. उन्हाळ्यात पारा ४३-४४ला गेल्यावर पत्र्याच्या खोलीत तापलेल्या मुलाला तर पॅरासिटामॉलचा काही उपयोग नसतो. त्याला आधी गार जागेत न्या, कपडे काढा, अंग ओलं करून वारा घाला. अंग भाजत असेल आणि मूल झोपाळलं किंवा बरळायला लागलं तर वाट न बघता दवाखाना.

त्याच बापानं पुढं म्हटलं, "सर्दीचं पण एक द्या की." आणि पोरानं लगेच दिलं.

इथं मला खरंच ओरडावंसं वाटलं. सर्दीच्या त्या बाटल्यांत बहुतेक वेळा क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन असतं. चार वर्षांखालच्या मुलांना हे मिश्रण देऊ नये, असं लेबलवर छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्येच सांगितलं. ऑक्टोबर २०२५मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयानं पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. हे का सांगावं लागलं ते आठवतंय ना? मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात वीसहून जास्त मुलं गेली. कोल्ड्रिफ नावाच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, ४८.६ टक्के. मर्यादा आहे ०.१ टक्का. मुलांच्या किडन्या बंद पडल्या. साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेलं औषध होतं ते! आपल्या राज्याच्या एफडीएनंही (अन्न व औषध प्रशासनानं) त्या बॅचचा इशारा काढला होता. चार दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, मग सगळे विसरले.

आणि भेसळ नसली तरी हे मिश्रण बाळाला झोपाळू करतं, हृदयाचे ठोके वाढवतं, सर्दी एका दिवसानंही लवकर बरी करत नाही. वर यातल्या कितीतरी बाटल्यांत पॅरासिटामॉलही असतं. तापाचं एक, सर्दीचं एक अशा दोन बाटल्या घेतल्या की आईला कळतही नाही आपण एकच औषध दोनदा देतोय. त्या आठ किलोच्या पोरीच्या पिशवीत आज हेच चाललं होतं.

मग सर्दी-खोकल्याला काय? नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब, पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी, दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन. घेताना लेबलवर सोडियम क्लोराइड वाचून घ्या. शेजारच्या फळीवर तशाच बाटलीत झायलोमेटाझोलिन हे नाक मोकळं करायचं औषध असतं. मोठ्यांचं ०.१ टक्क्याचं बाळाच्या नाकात गेलं तर बाळ निपचित पडतं, श्वास मंदावतो. वर्षाच्या पुढच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा मध. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, गुटीतही नाही, बोटाला लावूनही नाही. मधात बॉट्युलिझमचे, म्हणजे अंग लुळं पाडणाऱ्या आजाराचे जंतू असू शकतात आणि तान्ह्या आतड्याला ते आवरत नाहीत. आज्जी रागावतील, रागावू द्या. कापराची पुरचुंडीही पाळण्याला बांधू नका. वडी तोंडात गेली की थोड्या वेळात झटके येतात. छातीला चोळायचा कापराचा बामही दोन वर्षांखाली नको.

आपल्याकडं पाणी चार-चार दिवसांआड येतं. बॅरल, हौद, घागरी भरून ठेवतो आणि पावसाळ्यात घरोघरी डेंग्यू. म्हणून सोलापुरात तर ताप आला की आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन मनानं देऊच नये. डेंग्यूत रक्तस्राव वाढतो. "याच्यानं ताप लवकर उतरतो" म्हणून मेडिकलवाले हीच पुढं करतात, तेव्हा साधं पॅरासिटामॉलच मागा. आजोबांच्या निमेसुलाइडच्या गोळीचा पाव तुकडा तर विसराच. बारा वर्षांखालच्यांसाठी ते २०११पासून बंद आहे.

जुलाबाचं थोडक्यात. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, छोटं २०० मिलीत, पूर्ण पाकीट एकदम. अर्ध्या ग्लासात घट्ट केलं तर मीठ चढतं आणि मूल आणखी सुकतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. सोबत झिंक १४ दिवस. जुलाब बंद करायची लोपेरामाइडची गोळी मुलांना कधीच नाही. आणि तान्ह्या बाळाच्या पोटदुखीच्या थेंबांत डायसायक्लोमिन असेल तर सहा महिन्यांच्या आत देऊ नका, श्वास अडकतो.

मान्य आहे, विड्या वळणाऱ्या बाईला दवाखान्यासाठी अर्धा दिवस मोडणं परवडत नाही. मान्य आहे, मेडिकलवाल्यांपैकी कितीतरी जण जीव तोडून नीट समजावतात. पण म्हणून त्या संध्याकाळच्या ५ मिलीला माफी नाही. बाटली घेताना "फार्मासिस्ट कोण आहे, त्यांना बोलवा" म्हणायचा आपला हक्क आहे. ताकद, मिली आणि वेळ त्यांच्याकडून बाटलीवर पेनानं लिहून घ्या. लाज वाटायचं काही कारण नाही.

आणि चुकून जास्त गेलंच, किंवा मुलानं बाटली उघडून प्यायली, तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. बाटली जशी आहे तशी सोबत घ्या, किती उरलंय ते बघा, किती वाजता गेलं ते लिहा आणि सरळ सिव्हिल गाठा. गाडी नसेल तर १०८. पॅरासिटामॉल जास्त झालेलं मूल पहिल्या दिवशी ठणठणीत दिसतं, जेवतं, खेळतं. लिव्हरची लक्षणं दिसायला दोन-तीन दिवस जातात. एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत सुरू झाला तरच पुरता कामाला येतो. म्हणून रात्रीचे दोन वाजले असले आणि मूल हसत असलं तरी "सकाळी बघू" म्हणून थांबू नका.