खाली सही कुणाची?

तीस वर्षं बँकेत काढली. त्यामुळे कुठलाही कागद हातात आला की नजर आधी खाली जाते, सही कुठे आहे? मजकूर नंतर. निवृत्तीनंतर गिटार शिकायला घेतली तरी ही खोड गेली नाही. (हसू नका. गुडघे गेलेत, बोटं अजून शाबूत आहेत.) आमचे सर माझ्या मुलापेक्षा लहान आहेत. पहिले दोन महिने सा-रे-ग-म घोटून घेतल्यावर त्यांनी एक झेरॉक्स हातात ठेवली. गाण्याचं नाव 'फ्रेट ट्रेन', म्हणजे मालगाडी. मोजके कॉर्ड्स, गोड चाल. आणि कोपऱ्यात, जिथे गाणं रचणाऱ्याचं नाव असतं तिथे एकच शब्द: 'ट्रॅडिशनल'. पारंपरिक.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर दावा न केलेली ठेव. पण अशा खात्यांचाही एक अनुभव आहे. नीट शोधलं की दहातल्या सातांचे वारस सापडतात. फक्त कुणी शोधलेलं नसतं. म्हणून शोधलं. गेले तीन महिने अमेरिकेची लोकगीतं आणि त्यामागची माणसं एवढाच उद्योग चालू आहे, घरचे वैतागलेत, म्हणून आता तुम्हाला सांगते.

तर ही मालगाडी पारंपरिक वगैरे काही नाही. एलिझाबेथ कॉटन नावाच्या एका काळ्या मुलीने ती रचली, अकरा-बारा वर्षांची असताना. जन्म १८९३, नॉर्थ कॅरोलायना राज्य, घराजवळून रेल्वेचे रूळ. लोकांच्या घरी महिना एका डॉलरच्या आत-बाहेर पगारावर काम करून तिने पैसे साठवले आणि पावणेचार डॉलरची गिटार घेतली. ती डावखुरी. डावखुऱ्यांची वेगळी गिटार कोण देणार? तिने उजव्या हाताचीच गिटार उलटी धरली. त्यामुळे सगळा कारभार फिरला. आपण अंगठ्याने जाड तारांवर ठेका धरतो आणि बोटांनी वरची चाल वाजवतो. तिची बोटं ठेका धरत आणि अंगठा चाल वाजवी. गिटारवाले आजही या पद्धतीला तिच्याच नावाने ओळखतात.

पुढे लग्न, मूल, आणि चर्चमधल्या मंडळींनी 'असली ऐहिक गाणी सोड' म्हणून सांगितलं. सोडली. कित्येक वर्षं गिटारला हात नाही. मग वॉशिंग्टनमध्ये एका मोठ्या दुकानात काम करताना गर्दीत हरवलेली एक लहान मुलगी तिने आईजवळ पोचवली. ती मुलगी पेगी सीगर. घर संगीताचं, वडील लोकसंगीताचे अभ्यासक, आई संगीतकार. त्याच घरी ही स्वयंपाकपाणी करायला लागली. घरात भिंतीवर गिटार टांगलेली. एकदा मुलांनी पाहिलं तर आपली स्वयंपाकीणबाई ती काढून, उलटी धरून वाजवतेय.

पेगी मोठी होऊन इंग्लंडला गेली, तिथे तिने हे गाणं म्हटलं, आणि तिथल्या दोघांनी ते सरळ आपल्या नावावर नोंदवलं. १९५७ मध्ये ते तिकडे जोरात चाललं. बाई इकडे लोकांची भांडी घासत होत्या. पुढे सीगर मंडळींच्या खटपटीने त्यांचं नाव लागलं. १९८५ साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांना ग्रॅमी मिळालं. उशिरा का होईना, वारस सापडला. माझ्या झेरॉक्सवर मात्र अजून 'ट्रॅडिशनल'च.

आता कुणीतरी म्हणेलच, काकू, लोकगीत म्हणजे लोकांचं, त्याला कसली आलीय सही? मलाही असंच वाटायचं. पण 'हे सगळ्यांचं आहे' असं जिथे मोठ्याने म्हटलं जातं तिथे कुणीतरी एक जण कोपऱ्यात बसून पावती फाडत असतो, असं आता माझं स्पष्ट मत झालंय.

टॉम डूलीचं गाणं बघा. यातला टॉम खरा. आडनाव खरं तर ड्युला, पण त्या डोंगराळ भागात शेवटच्या 'आ'चा 'ई' होतो, म्हणून डूली. यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढून घरी परतलेला, नॉर्थ कॅरोलायनातल्याच विल्क्स काउंटीतला तरुण. १८६६ मध्ये लॉरा फॉस्टर नावाच्या मुलीचा खून झाला, प्रेत एका उथळ खड्ड्यात सापडलं. टॉमचं लॉराशीही होतं आणि अ‍ॅन मेल्टन या विवाहित बाईशीही. टॉम शेजारच्या टेनेसीत पळाला. तिथे जेम्स ग्रेसन नावाच्या माणसाकडे त्याने काही दिवस मजुरी केली होती, आणि पकडून द्यायला मदत केली ती त्यानेच. वकील कोण मिळावा, तर राज्याचे माजी गव्हर्नर झेब्युलन व्हान्स. पहिली शिक्षा अपिलात रद्द झाली, दुसऱ्या खटल्यात पुन्हा तीच. फाशीच्या आदल्या रात्री त्याने चिठ्ठी लिहून अ‍ॅनला सोडवलं, असं सांगतात. १ मे १८६८, स्टेट्सव्हिल गावी फाशी. खून नेमका कुणी केला यावर तिकडे अजून वाद झडतात.

गाणं लगेच गावोगाव पसरलं. नव्वद वर्षांनी, १९५८ साली, पट्ट्यापट्ट्याचे शर्ट घातलेल्या तीन कॉलेजकुमारांनी, म्हणजे किंग्स्टन ट्रिओने, त्याची रेकॉर्ड काढली. ती अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेली आणि लाखांनी खपली. तरुण पोरं बँजो विकत घ्यायला धावली, ती त्यानंतर.

याच राज्याच्या डोंगरात, रीझ नावाच्या वस्तीत, फ्रँक प्रॉफिट राहायचा. तंबाखू पिकवायचा, सुतारकाम करायचा, स्वतः लाकूड तासून बँजो करायचा. त्याच्या आजीने टॉमला आणि लॉराला पाहिलेलं. घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ते गाणं त्याच्याकडे आलं. १९३८ मध्ये न्यूयॉर्कहून फ्रँक आणि अ‍ॅन वॉर्नर हे जोडपं डल्सिमर हे वाद्य करणाऱ्या एका कारागिराला भेटायला डोंगरात आलं. प्रॉफिट त्या कारागिराचा जावई. त्याने पाहुण्यांना टॉम डूली म्हणून दाखवलं. वॉर्नरने ते पुढे अनेक कार्यक्रमांत गायलं. जॉन आणि अ‍ॅलन लोमॅक्स या लोकगीतं गोळा करणाऱ्या बापलेकांच्या १९४७ च्या संग्रहात ते वॉर्नरच्या नावानिशी छापलं गेलं, आणि तिथून हात बदलत ट्रिओपर्यंत पोचलं.

आणि एका रात्री प्रॉफिटच्या घरच्या टीव्हीवर ते तिघे आले. आजीचं गाणं, अंगविक्षेप करत, झकपक. प्रॉफिटने नंतर पत्रात लिहिलंय की तो उठला, बाहेर डोंगराच्या धारेवर गेला, आणि विल्क्सच्या दिशेला बघत रडला.

हे वाचलं त्या दिवशी मी रियाज केला नाही.

पैशाचं काय झालं? कोर्टकचेरी झाली आणि १९६२ मध्ये तडजोड. तिथून पुढच्या मानधनात लोमॅक्स, वॉर्नर आणि प्रॉफिट यांना वाटा. पण रेकॉर्ड जेव्हा धो धो खपत होती ते दिवस तोवर मागे पडलेले. १९६५ मध्ये प्रॉफिट गेलाही.

आता खोडसाळपणा म्हणून एक कागद मीच समोर ठेवते. प्रॉफिटच्या आधी, १९२९ मध्येच हे गाणं रेकॉर्ड झालं होतं. गाणारा जी. बी. ग्रेसन, दृष्टी अधू असलेला फिडलवादक. आणि तो त्याच जेम्स ग्रेसनच्या घराण्यातला, ज्याने टॉमला पकडून दिलं! म्हणजे वारस शोधायला जावं तर एका खोलीत फाशी गेलेल्याच्या ओळखीची माणसं आणि दुसरीत पकडून देणाऱ्याचे नातलग, आणि दोघांकडे गाण्याची प्रत. आमच्याकडे वारसाहक्काची अशी प्रकरणं आली की मॅनेजर रजेवर जायचे.

लेड बेली या काळ्या कैदी गायकाचंही तसंच. १९३३ मध्ये लुइझियानातल्या अंगोला तुरुंगात लोमॅक्स बापलेकांनी त्याचा आवाज रेकॉर्ड केला. त्याच्या 'गुडनाइट आयरीन'च्या हक्कांत थोरल्या लोमॅक्सचंही नाव चढलं. लेड बेली डिसेंबर १९४९ मध्ये गेला, गाणं पहिल्या नंबरवर गेलं १९५० मध्ये. काही महिन्यांनी हुकलं बिचाऱ्याचं. पण त्याला ते काकांकडून मिळालं होतं, आणि मागे जावं तर १८८६ मध्ये गसी डेव्हिस या काळ्या गीतकाराने छापलेलं जवळजवळ असंच एक गाणं निघतं. लोमॅक्सवर मी एकदा तावातावाने रागावले होते. आता तितकी नाही रागवत. ते जड यंत्र गाडीत घालून तुरुंगातुरुंगांत फिरले नसते तर तो आवाजच उरला नसता. पण राखण केली म्हणून घर नावावर करून घ्यायचं का?

आणि आता आपल्या घरातलं. माझ्या मुलाच्या शाळेत दर स्नेहसंमेलनाच्या शेवटी 'हम होंगे कामयाब' असायचं. पोरं हात वर करून डुलायची, आम्ही पालक टाळ्या वाजवायचो. हिंदी शब्द गिरिजाकुमार माथुरांचे. गाणं अमेरिकेचं, एवढं मला माहीत होतं. कुठल्या अमेरिकेचं, ते नव्हतं.

साउथ कॅरोलायना राज्यातलं चार्ल्स्टन. सिगारचा कारखाना, कामाला बहुतेक काळ्या बायका. १९४५ च्या ऑक्टोबरपासून संप, तो हिवाळाभर चालला. लुसिल सिमन्स नावाची कामगार बाई दिवसाचं धरणं संपताना चर्चमधलं एक जुनं गाणं म्हणायची, अगदी संथ, एकेक अक्षर लांबवत. चर्चमध्ये ते 'मी'चं गाणं होतं, मी तरून जाईन. गेटसमोर त्या 'आय'चं 'वुई' झालं: 'वुई विल ओव्हरकम', आम्ही तरून जाऊ. टेनेसीत हायलँडर नावाची चळवळीतल्या कार्यकर्त्यांना शिकवणारी शाळा होती, तिथल्या झिल्फिया हॉर्टन यांनी ते संपकऱ्यांकडून उचललं, त्यांच्याकडून पेगीचा सावत्र भाऊ, गायक पीट सीगर याने. वाटेत 'विल'चं 'शॅल' झालं, 'वुई शॅल ओव्हरकम'. १९५९ मध्ये पोलिसांनी हायलँडरवर रात्री धाड घातली, दिवे गेलेले, तेव्हा अंधारात एका चौदा वर्षांच्या मुलीने, जमिला जोन्सने, 'आम्ही भीत नाही' हे कडवं सुरू केलं. हिंदीतलं 'नहीं डर किसी का आज' म्हणताना आमची पोरं हसत असत. ते कुठल्या अंधारातून आलंय ते त्यांना कोण सांगणार?

या गाण्यावरही साठच्या दशकात हक्क नोंदवला गेला. नावं चार: हॉर्टन, सीगर, गाय कॅरावान, फ्रँक हॅमिल्टन. लुसिल सिमन्सचं नाही. पैसा दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या कामांसाठीच्या निधीत जात राहिला, हे खरं, आणि तसं करण्यामागे हेतू हाच की दुसऱ्या कुणी धंदेवाल्याने ते हडपू नये. तरीही सही ती सही. शेवटी कोर्टात प्रकरण गेलं, आणि २०१८ मध्ये तडजोड होऊन गाणं सगळ्यांना मोकळं झालं.

त्या 'वुई'पाशी मी फार अडकले. आपल्या मराठीत दोन शब्द आहेत, 'आम्ही' आणि 'आपण'. इंग्रजीत एकच, हिंदीतही एकच. कारखान्याच्या गेटवरचं 'वुई' म्हणजे स्वच्छ 'आम्ही', तुम्ही मालक पलीकडे. आणि १५ मार्च १९६५ ला, अलाबामा राज्यातल्या सेल्मामध्ये मतदानाचा हक्क मागणाऱ्या काळ्या मोर्चेकऱ्यांची डोकी फुटल्यावर आठवड्याने, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन काँग्रेससमोर मतदानाच्या हक्कावर बोलताना तेच शब्द म्हणाले. गोरा, दक्षिणेतला माणूस. त्यांच्या तोंडी ते मराठीत लिहायचं तर 'आपण' लिहावं लागेल. मुलाच्या संमेलनात कुठलं होतं, याचा अजून विचार करतेय. बहुतेक कुठलंच नव्हतं, नुसतीच चाल होती.

परवा क्लासला हे सगळं सरांना सांगितलं. झेरॉक्सवरचं 'ट्रॅडिशनल' खोडून पेनने 'एलिझाबेथ कॉटन' लिहून नेलं होतं, तेही दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "भारीच आहे काकू. पण तुमचा अंगठा अजून उशिरा पडतोय."