खडक किती कडक? साहेब म्हणतील तेवढा!

बोगद्याच्या कामावर नवीन लागलात आणि साहेबांनी ‘खडकाचा मॉड्युलस (दाबाला खडक किती दाद देत नाही, त्याचा आकडा) किती धरायचा?’ असं विचारलं, तर डोंगराकडं बघू नका. साहेबांच्या तोंडाकडं बघा. लायनिंग, म्हणजे बोगद्याचं आतलं अस्तर, जाड करायचंय की पातळ, ते तिथं आधीच लिहिलेलं असतं.

कोअर बॉक्स, म्हणजे ड्रिलनं काढलेल्या दगडी कांड्यांची पेटी, उघडा, पण फोटोपुरता. दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज करा, रनच्या, म्हणजे एका दमात ड्रिल केलेल्या भागाच्या, लांबीनं भागा, झाला आरक्यूडी, खडक किती अखंड त्याचं माप. एखादा तुकडा नऊचा निघालाच, तर शेजारच्याला जोडून ‘भेग ड्रिलिंगनं पडली’ म्हणा. नियमातसुद्धा बसतं. गेरूचं टेन्शन घेऊ नका. आपल्या मराठवाड्यात बेसाल्टच्या दोन थरांमध्ये हा लाल पट्टा सापडतो, पण मऊ असला की ड्रिलिंगच्या पाण्यासोबत निघून जातो. बॉक्समध्ये नाही, म्हणजे अहवालात नाही.

लॅबला तुकडा पाठवताना काळाभोर, अखंड, ठण्ण वाजणारा निवडा. आला समजा 50 गिगापास्कल. ‘हा तर वीतभर दगडाचा आकडा, भेगांनी भरलेल्या डोंगराचा नव्हे’ असं कोणी म्हणालं, तर त्याच्यासाठी चहा सांगा.

मग सूत्रं. इथं तर आठवडी बाजारच भरलाय. आरएमआर, म्हणजे खडकाच्या दर्जाचे शंभरपैकी गुण, 51 आहे असं धरा. बिनियाव्स्कीचं 1978 चं सूत्र म्हणतं, दुप्पट करा, शंभर वजा करा: 2 गिगापास्कल. सेराफिम-परेरांचं 1983 चं सूत्र म्हणतं, साडेदहाच्या थोडं वर. डोंगर तोच, गुण तेच. 50 गुणांना तर पहिल्यात शून्य येतं, म्हणजे बोगदा हवेतच. (ते 50 च्या वरच वापरायचं असतं, पण अशा अटी एक्सेलमध्ये उतरत नाहीत.) होक-डिडरिक्सच्या 2006 च्या सूत्रात तर ‘डी’ नावाची सोयच आहे. सुरुंगानं खडक किती खिळखिळा झाला, ते शून्य ते एकमध्ये आपणच ठरवायचं. जीएसआय (भेगा बघून खडकाला द्यायचे गुण) 50 असताना डी शून्य घेतला तर अख्ख्या दगडाच्या मॉड्युलसच्या 31 टक्के, एक घेतला तर 7. सुरुंग अजून उडालेला नसतो, त्यामुळं भांडणाचा प्रश्नच नाही.

जमेना, तर पहिल्या दोघांची सरासरी काढा आणि 6.296 लिहा. तीन दशांश स्थळं दिली की कोणी विचारत नाही. जागेवर खडकावर प्लेट दाबून बघायची प्लेट लोड टेस्ट? ती ‘पुढील टप्प्यात’.

एकाच माणसापासून जपा. साइटवर विहिरी फोडून म्हातारा झालेला एखादा बाबा येऊन बसतो. पहार आपटतो, कान देतो. आमच्याकडंही आला होता. “सायेब, हितं बद्द वाजतंय. खाली गेरू हाय, पाणी सुटंल.” आम्ही त्याला बिडीला पैसे दिले. ‘बद्द’ भरायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

त्या जागी आता दोन पंप आहेत. रात्रंदिवस चालतात. अहवालात 6.296 च आहे.