उंची आमची, चेंडू भाच्याचा

ताईच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये सगळं आहे, फक्त उंची नाही. जी होती ती फॉल्स सीलिंगने खाल्ली. त्यामुळे भाच्याला विज्ञानाचा प्रकल्प मिळाला, ‘चेंडू टाकण्याची उंची आणि त्याची उसळी यांतील संबंध’, तेव्हा तिला एकदम गिरगावातली आमची चाळ आठवली. एरवी ‘ती खोली अजून किती दिवस कवटाळून बसणार आहेस?’ असं विचारणारी ताई फोनवर मधाळ आवाजात म्हणाली, “तुमच्याकडे कसं, छत उंच, गॅलरी, खाली चौक. पोराला मोकळेपणाने चेंडू टाकता येईल.”

मोकळेपणाने! ज्या चाळीत शिंक आली तरी तीन बिऱ्हाडांतून ‘सत्य आहे’ ऐकू येतं, तिथे.

शनिवारी सकाळी भाचा हजर. हातात टेनिसचा चेंडू, गळ्यात शिंप्याची टेप. प्रयोगवहीत साहित्य, कृती, आकृती सगळं आधीच लिहून तयार. निष्कर्षसुद्धा. “अरे, प्रयोग व्हायचाय ना?” “मामा, निष्कर्ष बाईंनीच लिहून दिलाय. आपल्याला फक्त आकडे काढायचेत.” सरकारी चौकशी समित्यांची तयारी आपल्याकडे इतक्या लवकर सुरू होते, याची मला कल्पना नव्हती.

मी जरा वाचन केलं. टेनिसच्या चेंडूसाठी रीतसर नियम आहे. 254 सेंटीमीटरवरून, म्हणजे बरोबर 100 इंचांवरून, कडक पृष्ठभागावर सोडला तर तो 135 ते 147 सेंटीमीटर उसळला पाहिजे. म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त. आणि ही चाचणी साधारण 20 अंश तापमानात घ्यायची. मे महिन्यात गिरगावात 20 अंश फक्त बँकेत असतात, आणि तिथे चेंडू टाकून बघायची माझी तयारी नव्हती. शिवाय शिंप्याची टेप 150 सेंटीमीटरला संपते. शेवटी भिंतीवर खडूने खुणा केल्या आणि एक मीटरपासून सुरुवात केली.

चेंडू सोडणं सोपं, त्याची उसळी वाचणं महाकठीण. वर पोचल्यावर तो तिथे थांबून आपल्याला आकडा लिहू देईल, ही अपेक्षा चूक. शिवाय नजर चेंडूच्या बरोबर समोर हवी. वरून बघितलं तर आकडा कमी दिसतो, खालून बघितलं तर जास्त. म्हणून मी लादीवर आडवा. गॅलरीतून जाणाऱ्या प्रत्येकाने थांबून विचारलं, “बरं नाही का?” मग मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायची युक्ती भाच्याने काढली. तरी माझं उठणं-बसणं चालूच, कारण चेंडू दर वेळी कपाटाखालीच जायचा.

आणि आकडा येईना. एक मीटरवरून पंचावन्नच्या आसपास यायला हवा, तर चाळिसाच्या पुढे सरकत नव्हता. चेंडू जुना असेल म्हटलं. डब्यातून काढलेल्या चेंडूतला दाब हळूहळू उतरतोच. पण खरं कारण धापा टाकत दारात उभं राहिलं. खालच्या मजल्यावरच्या आजी. हातात चहाचा कप, चहावर चुन्याचा पोपडा.

“काय रे, वर मल्लखांब चाललाय का?”

आमच्या खोलीला लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर कोबा आणि लादी. चेंडू आपटला की तो चेपतो, आणि परत फुगताना मिळालेली सगळी ऊर्जा परत देत नाही. थोडी उष्णतेत जाते, थोडी आवाजात. पण जमीनच हलली तर तीही आपला वाटा कापून घेते. आमची जमीन हलत होती, म्हणजेच आजींचं छत हलत होतं. हे मी त्यांना सविस्तर समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग चहात काय पडलं? ऊर्जा?”

मुक्काम चौकात हलवला. तिथली फरशी थेट जमिनीवर, आकडेही शहाण्यासारखे. एक मीटर, दीड, दोन: उंची वाढेल तशी उसळी वाढत होती, पण हिस्सा जवळपास तोच, निम्म्याहून थोडा जास्त. आलेखावर बिंदू सरळ रेषेत बसले. इथे थांबायला हरकत नव्हती. पण चौकात तोवर तज्ज्ञमंडळ जमलं होतं. कोणी म्हणे चेंडू भिजवून टाका, कोणी म्हणे उन्हात तापवून (हे बरोबर आहे, गरम चेंडू जास्त उसळतो), आणि पहिल्या मजल्यावरचे नाना म्हणाले, “ही कसली उंची? तिसऱ्यावरून टाका!”

तिसऱ्या मजल्याची गॅलरी म्हणजे सुमारे दहा मीटर. हवेचा अडथळा सोडला तर तिथून पडलेली वस्तू खाली पोचते तेव्हा तिचा वेग ताशी 50 किलोमीटर असतो. गिरगावातल्या टॅक्सीला हा वेग पहाटे चारलाच मिळतो. आमच्या सरळ रेषेप्रमाणे चेंडू साडेपाच मीटर उसळायला हवा होता. नानांनी तर पहिल्या मजल्याच्या कठड्याशी झेल घ्यायला हात काढून ठेवले.

भाच्याने वरून चेंडू सोडला. चेंडू आपटला आणि नानांच्या हातांच्या बराच खाली राहून परत फिरला. वाटेत हवेने वेग खाल्ला होता. आणि इतक्या जोरात आपटलं की चेंडू जास्तच चेपतो, परत देण्यातला हिस्सा आणखी घटतो. हे सगळं मी नानांना सांगणार, इतक्यात खाली खेळणाऱ्या पोरांपैकी एकाने उडी मारून एका हाताने तो झेलला आणि ओरडला, “वन टप्पा आऊट!”

यावर पुढचा बराच वेळ वाद झाला. बॅट्समनच नव्हता, हा मुद्दा कोणीही विचारात घेतला नाही.

संध्याकाळी भाचा आलेख काढायला बसला. शेवटचा बिंदू रेषेच्या खाली लोंबकळत होता. “मामा, हा जरा वर घेऊ? बाईंच्या निष्कर्षात बसत नाही.” मी म्हटलं, तिथेच राहू दे, आणि निष्कर्षाखाली कारणं लिही. त्याने सुवाच्य अक्षरात लिहिली: हवेचा अडथळा, चेंडूचे जास्त चेपणे, उष्णता, आवाज, आणि ‘खोलीतील प्रयोगात काही ऊर्जा खालच्या मजल्याच्या छताने शोषून घेतली’.

आजी चष्मा लावून वही बघायला आल्याच होत्या. ते वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं, दोनदा. मग वही माझ्या हातात देत म्हणाल्या, “आता हे असंच लिहून, खाली सही करून मला दे. चुन्याच्या खर्चाला पुरावा होईल.”