पाकिटामागचं वाचावं, ताटातलं नाही

वजन कमी करायचं ठरवलंत ना? मग पहाटे चौपाटीवर चालायला वगैरे जाऊ नका, वाळूत पाय रुततात. त्यापेक्षा बाजारपेठेतल्या दुकानात जा, पाकिटं उलटी करा आणि वाचत उभे राहा. सोबत एक वही ठेवा.

१०० ग्रॅमचा रकाना मात्र वाचू नये. नियमाने तो छापावाच लागतो म्हणून छापलेला असतो, आणि केळ्याच्या वेफर्सचा तो पाचशेपार आकडा बघून मन खचतं. शेजारीच 'प्रति सर्व्हिंग' असं काही दिसलं तर ते बघा: ३० ग्रॅम, दीडशेच्या आसपास किलोकॅलरी. वहीत दीडशे लिहा. गजाली करता करता पाकीट संपलं तरी दीडशेच. सर्व्हिंग कितीची, हे कंपनीने ठरवलंय. त्यात आपण नाक खुपसू नये.

घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. म्हणून कोकम सिरपच्या बाटलीवर साखर पहिली दिसली, तर यादी खालून वाचा. कोकम लवकर भेटतं. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल शून्य' असतं. ते कुठल्याच वनस्पती तेलात नावालासुद्धा नसतं, पण शून्य दिसलं की आपण शून्य लिहून मोकळं व्हावं. एका ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी असतात, पिठापेक्षा दुपटीहून जास्त, असली माहिती वड्यांची कढई तापलेली असताना काढू नये.

आता मुख्य गोष्ट. ज्याला लेबल नाही, त्याला कॅलरी नाही. परसातल्या नारळावर बारकोड असतो का? नाही ना? मग वाटणात अख्खा नारळ गेला तरी वही कोरीच. (ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास किलोकॅलरी धरतात, पण ते पुस्तकातलं खोबरं.) सुरमईची तुकडी, काजूगरांची उसळ, रसातल्या शिरवाळ्या, तूप सोडलेले मोदक: सगळं बेलेबल, सगळं माफ. दिवसाला ५ ग्रॅम मीठ पुरे, असं लेबलांचा हिशेब सांगतो. सुक्या बांगड्याला हे कुणी कळवलेलं नाही.

चतुर्थीला गावी गेलात की काकी वाढता वाढता म्हणणारच, "वायच घे रे, सुकलंस किती!" तिच्यासमोर वही काढू नका. पाचवा मोदक संपवा, हात धुवा आणि चहाबरोबर आलेल्या बिस्किटाचा पुडा उलटा करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, "बापरे, यात मैदा आहे!" बिस्कीट परत ठेवा. संयम माणसांना दिसला पाहिजे.

महिनाभराने वजनकाट्यावर उभे राहा. आकडा वाढलेला दिसला तर खाली उतरून काटाही उलटा करा. तिथेही लेबल असतं: कमाल क्षमता १५० किलो. म्हणजे अजून बराच वाव आहे.