शाल, श्रीफळ आणि मंडळीतलं राजकारण

परवा रविवारी आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, उपासना संपत आली होती, शेवटचं गीत तेवढं राहिलं होतं. इतक्यात मागच्या दारातून एक उमेदवार आत आले. बरोबर चार पोरं, सगळ्यांच्या गळ्यात उपरणं. सेक्रेटरींनी लगबगीनं शाल आणि नारळ पुढे केला, म्हणजे सामान आधीच आणून ठेवलं होतं. दोन मिनिटं बोलतो म्हणाले आणि बारा मिनिटं बोलले. ‘ख्रिश्चन समाज शांतताप्रिय आहे’ हे वाक्य आलं की मी मनात मोजायला लागते. त्यानंतर साधारण पाच-सहा वाक्यांत दफनभूमीचं कंपाउंड येतं. आलंच. मागच्या निवडणुकीतही हेच कंपाउंड होतं.

मी उठले आणि विचारलं, पूरपट्ट्यातल्या भाडेकरूंची यादी करून घेणार का? त्यांनी हसून हात जोडले. “ताई, नक्की बसून बोलू.” गीत सुरू झालं.

घरी पोचेपर्यंत मंडळीच्या ग्रुपवर सतरा मेसेज. सूर एकच, मंडळीत राजकारण आणू नका. एका काकांनी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय टाकला, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे म्हणून. खाली जोडलेल्या हातांची रांग. म्हणजे शाल घातली ते राजकारण नव्हतं, मी प्रश्न विचारला तेव्हा ते झालं. ग्रुपवर एवढं सगळं लिहिता येत नाही, म्हणून इथं लिहितेय.

काका, ज्या पौलानं तो तेरावा अध्याय लिहिला, त्याचं फिलिप्पैमधलं वागणं प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात आहे. चौकशी न करता फटके मारले, तुरुंगात टाकलं आणि सकाळी निरोप आला की गुपचूप निघून जा. पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक आहोत, आता गुपचूप कशाला, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. पुढे तर त्यानं थेट कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली. माणूस अधीन होता, पण आपला हक्क त्याला तोंडपाठ होता.

हे मला कुठल्या बायबल कॉलेजात कळलं नाही. आत्याकडून कळलं.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर गेलं होतं. इकडे मिरजेत आम्ही मंडळीचा हॉल उघडला. सतरंज्या, खिचडी, लहान मुलांना दूध, ओल्या कपड्यांचा तो वास. आत्या जुनी मिशनची नर्स, रिटायर होऊन पंधरा वर्षं झालेली, तरी बीपीचं मशीन घेऊन हॉलमध्ये मुक्कामाला. सगळ्या गावानं वाहवा केली. त्या खिचडीला कुणी राजकारण म्हणालं नाही.

पाणी उतरलं आणि पंचनामे सुरू झाले. कृष्णाघाटाकडची एक बाई होती, चार घरची धुणीभांडी करणारी. खोली भाड्याची, लाईट बिल मालकाच्या नावावर, रेशन कार्ड अजून जतकडच्या गावचं. चिखल उपसला तिनं, भांडीकुंडी गेली तिची, आणि भरपाईच्या यादीत नाव मालकाचं. असे चौदा भाडेकरू निघाले. आत्यानं सगळ्यांचे कागद एका प्लॅस्टिकच्या फाईलीत घातले, पिशवी काखेत मारली आणि कचेरीच्या चकरा सुरू केल्या. मी स्कूटीवर सोडायला जायचे. आज साहेब मीटिंगला, उद्या सर्व्हर डाऊन, परवा या टेबलाचं काम नव्हे. एकदा एका क्लार्कनं फाईल चाळत विचारलं, “चर्चकडनं आलाय व्हय? मग ह्यांची नावं बदलली का?” आत्या म्हणाली, “बदलायला न्हाई आलो बाळा, यादीत घालायला आलोय.”

अकरा चकरा झाल्या. प्रत्येक चकरेची तारीख तिनं शिसपेन्सिलीनं पवित्र शास्त्रात लिहून ठेवली, लूकच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायाच्या समासात. तिथं त्या विधवेचा दाखला आहे. न्यायाधीश असा, की त्याला ना देवाचं भय, ना माणसाची पर्वा. बाई रोज येते, माझा न्याय करा म्हणते. शेवटी तो कंटाळून म्हणतो, हिचा निकाल लावून टाकू, नाहीतर ही येऊन येऊन जीव नकोसा करेल. आम्हाला संडे स्कूलपासून शिकवलं, की हा प्रार्थनेचा दाखला आहे. आहेच, तिथं तसं लिहिलेलंच आहे. आत्याचं म्हणणं एवढंच, की प्रभूला उदाहरण द्यायला गुडघे टेकलेली बाई सुचली नाही, कचेरीत खेटे घालणारी सुचली.

चौदांपैकी नऊ जणांची नावं लागली. पाच जणांची राहिली.

आणि गंमत म्हणजे त्या अकरा चकरांच्या काळातच मंडळीत कुजबुज सुरू झाली, की हिला नगरसेवक व्हायचंय. खिचडी वाढली तोवर ती ‘सेवाभावी भगिनी’ होती. सेवेचा आम्हाला अभिमान फार, आणि तो असावाही. १८९४ पासून मिशनरी डॉ. वॉनलेस यांच्या दवाखान्यानं मिरजेची ओळख बदलली, आजही लांबून पेशंट मिरजेला येतात. पण त्या जुन्या पुण्याईच्या व्याजावर आम्ही किती दिवस जगायचं?

राजकारण नको म्हणण्यामागं भक्ती थोडी आणि भीती जास्त आहे. ती भीती खोटी नाही, हेही लिहायला हवं. अनुसूचित जातींच्या सवलती कुणाला हे ठरवणाऱ्या १९५० च्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदात आधी फक्त हिंदू होते, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग या प्रश्नासाठी नेमला गेला. एखाद्याच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून गावानं त्याला आपला पाणवठा खुला केला असं थोडंच झालं? त्यामुळे कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा असं जगणारी घरं आहेत. अशा घरातला माणूस पेपरात नाव यायला घाबरणारच. त्याला मी भेकड म्हणणार नाही. (आणि लग्न जमवताना ‘मूळचे कोण?’ विचारणाऱ्या आपल्याच वडीलजनांबद्दल पुन्हा कधीतरी, सविस्तर.) आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या फादर स्टॅन स्वामींचं नाव ग्रुपवर कुणी घेत नाही, पण मनात असतंच. ८४ वर्षांचे, कंपवातामुळे पेला धरता येत नाही म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मागावा लागला, आणि ५ जुलै २०२१ ला जामिनाची वाट बघत कोठडीतच गेले.

पण भीती आहे तर तिला भीतीच म्हणूया, वचनाची शाल कशाला घालायची?

आणि दुसरी वाटही आपल्याच लोकांनी दाखवलेली आहे. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो जमीन आणि पाण्यासाठी रस्त्यावर उतरले, धमक्या सोसल्या, आणि पुढे हाच माणूस २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. घटना समितीत अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती. त्यांनी राखीव मतदारसंघांचा आग्रह सोडला. राखीव जागा नसली की शेजाऱ्याबरोबरच उभं राहावं लागतं, मला तरी त्याचा अर्थ असाच लागतो. उमेदवार विचारतात, तुमची मतं किती. आत्याच्या यादीतल्या चौदा जणांत ख्रिस्ती फक्त दोन होते.

साताऱ्याचं उदाहरण तर घरचंच. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही त्यात बसू शकतील असा. दोन वर्षांत ते गेले. आपण त्यांची भजनं टाळ घेऊन म्हणतो, जयंतीला फोटोला हार घालतो, आणि हॉलच्या दारावर बोर्ड लावतो : ‘फक्त सभासदांसाठी’.

पाळकसाहेब, तुम्हाला टॅग करत नाही, पण तुम्ही वाचाल. व्यासपीठावरून कुठल्या पक्षाला मत द्या असं कुणीही सांगू नये, मी तर मुळीच नाही. शाल कुणालाच घालू नका, म्हणजे प्रश्न मिटला. आणि घालायचीच असेल तर आलेल्या प्रत्येकाला पाच प्रश्न लेखी द्या आणि उत्तरं नोटीस बोर्डावर लावा, दफनभूमीच्या कंपाउंडसकट.

आत्या दोन वर्षांपूर्वी गेली. तिचं शास्त्र माझ्याकडं आहे. पुढच्या पावसाआधी भाडेकरूंची यादी वॉर्डनिहाय तयार व्हावी, असा अर्ज घेऊन सोमवारी अकराला जातेय. येणाऱ्यांनी आधार आणि भाडेपावतीची झेरॉक्स आणावी. भाडेपावती नसेल तर शेजारच्या दोघांच्या सह्या. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर पोच घ्यायची असते. शिक्का नाही म्हणाले तर तारीख टाकून सही तरी घ्याच.